खंडणी कोणाला दिली, आणि सोडवायला कोण आलं

सलाम.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला सांगता येईल. वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्यावर कर्ज होतं आणि वसुलीची माणसं अजून दारात येतात. गुड फ्रायडेच्या उपासनेत मार्कच्या दहाव्या अध्यायातलं वचन वाचलं गेलं, की मनुष्याचा पुत्र पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. ते ऐकून तुम्ही उठलात आणि बाहेर आलात. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. देव खंडणी घेतो का? घेत नसेल, तर येशूने भरलेली खंडणी गेली कोणाकडे? आणि ती भरून झाली असेल, तर मला अजून कर्जदार असल्यासारखं का वाटतं?

मी सोलापुरात सत्तावीस वर्षं पाळक होतो. आता निवृत्त आहे, गुरुवारचा बायबल वर्ग तेवढा घेतो. पहिले दोन प्रश्न मला दर वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी विचारतं. तिसरा क्वचितच कोणी उघड विचारतं, पण पहिल्या दोघांच्या पोटात बहुतेक वेळा तोच असतो. म्हणून तिन्हींचं उत्तर देतो, पण ओढा तिसऱ्याकडे राहील.

आधी एक कबुली. ख्रिस्ताच्या मरणाने माणसाची सुटका नेमकी कशी होते, याबद्दल मंडळ्यांमध्ये एकमत नाही. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, आमच्यासारखे प्रॉटेस्टंट, प्रत्येकाचा भर वेगळा. सुटका झाली आणि ती ख्रिस्ताने केली, इथे सगळे एक आहेत. मी जे सांगतो ते शास्त्र वाचून आणि माणसांच्या घरात बसून मला जे उमगलं ते. तुमचे पाळक एखादी गोष्ट वेगळी सांगतील, तर त्यांच्याशीही बोला.

आता शब्दाकडे येऊ, कारण तुम्हाला पहिली ठेच शब्दाची लागली आहे. आज ‘खंडणी’ म्हटलं की पेपरातली बातमी डोळ्यांपुढे येते: व्यापाऱ्याला फोन, धमकी, पोलिसांचा सापळा. आपल्या मराठी बायबलमध्ये हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ एवढा नासला नव्हता. खंडून, म्हणजे ठरवून, दिलेली रक्कम ती खंडणी. एक राजा दुसऱ्याला द्यायचा, कैदी सोडवताना द्यायचे. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘ल्युट्रोन’ आहे: गुलामाला किंवा लढाईत पकडलेल्या माणसाला सोडवण्यासाठी मोजायची किंमत. त्या शब्दात भर सुटणाऱ्यावर आहे. आजच्या ‘खंडणी’त भर मागणाऱ्यावर गेला आहे. तुम्ही ऐकलात तो आजचा शब्द, आणि तुमच्या दारात जे चाललंय ते पाहता तुम्ही तोच ऐकणार. यात तुमचं काही चुकलं नाही.

दुसरा शब्द ‘तारण’. आपल्या शहरात हा शब्द रविवारी चर्चमध्ये असतो आणि सोमवारी पतसंस्थेच्या पाटीवर: सोनेतारण कर्ज, त्वरित मिळेल. एकीकडे तारण म्हणजे बुडणाऱ्याला तारणं, दुसरीकडे तारण म्हणजे कर्जापोटी अडकवून ठेवलेली वस्तू. वर्गात हे पहिल्यांदा सांगितलं की लोक हसतात, मग थोडे गप्प होतात. माणूस अडकलेला आहे आणि माणूस तारला जातो, दोन्हीला एकच शब्द.

पण मला स्वतःला जवळचा वाटतो तो साधा घरगुती शब्द, ‘सोडवणं’. गहाण सोडवणं. हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

मी चौथीत होतो. वडील गिरणीत होते, आजारपणात काम गेलं. आईने दोन पाटल्या आणि बोरमाळ मंगळवार पेठेतल्या एका सावकाराकडे ठेवली. वर्षभर व्याज भरलं, मग तेही जमेना. माझा मामा पूर्व भागात मागावर चादरी विणायचा. त्याने सायकल विकली, कोणाकडून थोडे उसने घेतले आणि एका संध्याकाळी आईला म्हणाला, चल. मी बोट धरून बरोबर होतो. सावकाराने तिजोरीतून लाल दोऱ्याने बांधलेली एक पोटली काढली. तिला चिठ्ठी शिवलेली होती, चिठ्ठीवर आईचं नाव आणि निळा अंगठा. त्याने पाटल्या छोट्या काट्यावर टाकून वजन दाखवलं, पैसे दोनदा मोजले, वहीतल्या नोंदीवर आडवी रेघ मारली. या सगळ्या व्यवहारात त्याने मामाला एकच प्रश्न विचारला होता, तोही अगदी सुरुवातीला: “तू हिचा कोण?”

“भाऊ,” मामा म्हणाला.

पुढे सेमिनरीत मी लेवीयाचा २५ वा अध्याय वाचला तेव्हा मला ती पेढी आठवली, कारण शास्त्रातली सोडवणूक याच प्रश्नावर उभी आहे. तिथला नियम असा. एखादा इस्राएली कंगाल झाला आणि त्याने जमीन विकली, तर त्याच्या सर्वांत जवळच्या नातलगाने येऊन ती सोडवावी. त्याहून हलाखी आली आणि त्याने स्वतःलाच परक्याकडे विकलं, तर त्याच्या भावाने, चुलत्याने, चुलतभावाने किंवा कुळातल्या कोणी जवळच्याने त्याला सोडवावं. (तिथे चुलता आहे, मामा नाही. आमच्या घरी मामा आला.) असं सोडवणाऱ्याला हिब्रूत ‘गोएल’ म्हणतात. गोएल हा दयाळू परोपकारी माणूस नव्हे. तो असा नातलग, की तुझं अडलेलं हे त्याचंच अडलेलं. ओळख ना पाळख, असा कोणी पैसे देऊन गेला तर ते दान. गोएल देतो ती सोडवणूक.

हा नियम चालताना पाहायचा असेल तर रूथचं पुस्तक वाचा. चारच अध्याय आहेत, तासाभरात होतात. नामी दुष्काळात बेथलेहेम सोडून मवाबात जाते, नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून परत येते, बरोबर परदेशी सून. जमीन अडकलेली, वंश खुंटलेला. चौथ्या अध्यायात बवाज गावाच्या वेशीत जाऊन बसतो आणि दहा वडीलधाऱ्यांना साक्षीला बसवतो. त्याच्याहून जवळचा एक नातलग आहे, पहिला हक्क त्याचा. जमीन सोडवायला तो तयार होतो. पण जमिनीबरोबर मवाबी रूथचीही जबाबदारी आहे हे कळल्यावर म्हणतो, नको, माझ्या स्वतःच्या वतनाचं नुकसान होईल. मग व्यवहार पक्का करायच्या तेव्हाच्या रीतीप्रमाणे तो आपला जोडा काढून देतो आणि हक्क बवाजाकडे येतो. त्या पहिल्या नातलगाचं नाव पुस्तकात नाही. हिब्रूत बवाज त्याला ‘पलोनी अल्मोनी’ अशी हाक मारतो, म्हणजे आपण म्हणतो तसा ‘फलाणा’. आपला फलाणा फारसी-अरबीतून आला आणि तो त्याच हिब्रू शब्दाचा भाऊबंद आहे. स्वतःचं वतन जपणारा फलाणाच राहिला. ज्याने झीज सोसली त्याच्या पणतवंडाचं नाव दावीद.

जुना करार हाच शब्द पुढे थेट देवासाठी वापरतो, आणि मला हे शास्त्रातलं फार मोठं धाडस वाटतं. ईयोब राखेत बसून म्हणतो, माझा उद्धारक जिवंत आहे. तिथला शब्द गोएल. यशयाच्या ४० व्या अध्यायापासून पुढे देव स्वतःला पुन्हा पुन्हा इस्राएलाचा गोएल म्हणवतो. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा स्वतःला गहाण पडलेल्यांचा नातलग म्हणवतो.

आता तुमचा पहिला प्रश्न सोपा होतो. देव खंडणी मागणारा आहे का? शास्त्रात देव मुख्यतः पेढीच्या या बाजूला उभा आहे, मामाच्या बाजूला. ४९ व्या स्तोत्रात दोन ओळी आहेत, त्या एकमेकींजवळ ठेवून वाचा. सातव्या वचनात म्हटलंय, कोणालाही आपल्या भावाला सोडवता येत नाही, देवाला त्याच्याबद्दल खंडणी देता येत नाही. माणसाची सोडवणूक फार मोलाची आहे, ती त्याच्या हातून होणारी नाही. आणि पंधराव्यात: पण देव माझा जीव अधोलोकाच्या हातून सोडवील. जी किंमत माणसाला परवडत नाही, ती मोजायला देवच येतो.

इथे एक बाजू लपवून चालणार नाही. शास्त्र पापाला हलकं घेत नाही. देव न्यायी आहे, अन्यायाकडे तो काणाडोळा करत नाही, आणि पापाचं वेतन मरण असं पौल रोमकरांस पत्रात स्पष्ट लिहितो. म्हणून किंमत आहे, आणि ती खरी आहे. पण ती किंमत बापाने रागाने मागितली आणि बिचाऱ्या मुलाने सोसली, असं चित्र कोणी तुमच्यापुढे उभं केलं असेल तर ते अर्धवट आहे. २ करिंथकरांस ५:१९ सांगतं की देव ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता. मोजणारा बाहेरचा कोणी तिसरा नाही. झीज देवाच्या घरातच सोसली गेली.

मग गेली कोणाकडे? आता दुसरा प्रश्न. खरं सांगायचं तर नवा करार हे कुठेही सांगत नाही. सोडवणूक झाली हे सांगतो, कशाने झाली हे सांगतो (१ पेत्रात स्पष्ट आहे, सोन्यारुप्याने नव्हे, ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने), कशातून झाली हेही सांगतो: पापातून, मरणाच्या भयातून, शापातून. कोणाच्या हातात पडली, यावर गप्प आहे.

मंडळीने मात्र या प्रश्नाचा फार पाठलाग केला. तिसऱ्या शतकात ओरिजेनने सुचवलं की सैतानाला, कारण माणसं त्याच्या ताब्यात होती. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने गळ आणि आमिषाची उपमा दिली: सैतानाने आमिष गिळलं आणि आतल्या देवत्वाच्या गळाला लागला. त्याच काळातल्या नाझियांझसच्या ग्रेगरीला हे सहन झालं नाही. लुटारूला मोबदला, आणि तोही देव स्वतः? ही शरमेची गोष्ट आहे, असं तो म्हणाला. आणि बापाला दिली म्हणावं तर ज्याने अब्राहामाच्या हातून इसहाकाचा बळीही घेतला नाही, त्याला एकुलत्या एका पुत्राच्या रक्तात आनंद कसा वाटेल? पुढे १०९८ च्या सुमारास कँटरबरीच्या अँसेल्मने सैतानाचा हक्कच उडवून लावला आणि देवाच्या सन्मानाची भरपाई असं उत्तर मांडलं. धर्मसुधारणेच्या काळात ते न्यायालयाच्या भाषेत आलं: शिक्षा आमची, भोगली त्याने. या प्रत्येकात काही खरं आहे. माझं मत विचाराल तर उपमेला तिच्या कुवतीपेक्षा जास्त ओढलं की ती फाटते.

याचा सगळ्यात चांगला पुरावा जुन्या करारातच आहे. देवाने इस्राएलाला मिसरातून ‘सोडवलं’, हे निर्गम आणि अनुवाद या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येतं. क्रियापद हेच, सोडवणुकीचं. फारोला किती दिले? एक पैसाही नाही. यशया ५२:३ मध्ये तर स्पष्ट आहे: तुम्ही फुकट विकले गेलात आणि पैशावाचून सोडवले जाल. म्हणजे शास्त्रात सोडवणं म्हटलं की किंमत घेणारा असलाच पाहिजे असं नाही. सोडवणाऱ्याची झीज मात्र असतेच.

वर्गात हे समजावताना मी मंगळवेढ्याला जातो. दामाजीपंतांची गोष्ट आपल्या जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी बादशाही कोठारं उपाशी लोकांना खुली केली, बिदरहून बोलावणं आलं. आणि ते पोहोचायच्या आधीच दरबारात एक विठू महार हजर झाला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, धान्याचे सगळे पैसे मोजले, पावती घेतली आणि गेला. मी वर्गाला विचारतो, ही गोष्ट ऐकून तुमच्यापैकी कोणाच्या मनात कधी आलं का, की बादशहाने त्या पैशाचं पुढे काय केलं? कोणाच्याच नाही. गोष्ट ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं ते कोण आला यामुळे, आणि कुठल्या रूपात आला यामुळे.

वारकरी मित्रांची ही गोष्ट मी त्यांच्या प्रेमाची ठेव म्हणून उसनी घेतो, तिच्यावर आपला शिक्का मारायला नाही. आणि ती कुठे थांबते हेही दर वेळी सांगतो. दामाजीपंत पुण्यवान होते, भुकेल्यांसाठी अडकले होते. पौल रोमकरांस ५:८ मध्ये म्हणतो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. सोडवण्याजोगं काही केलेलं नसताना. पण ज्या वचनाने तुम्ही उठून गेलात, ते मागच्या पुढच्या ओळींसह वाचलंत तर घोंगडीवाला तिथेही दिसतो. याकोब आणि योहान येशूकडे उजवी-डावीकडची मानाची जागा मागतात, बाकीचे दहा चिडतात. तेव्हा येशू सांगतो, परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं, मोठं व्हायचं असेल त्याने सेवक व्हावं. मनुष्याचा पुत्रही सेवा करून घ्यायला आला नाही, सेवा करायला आणि जीव खंडणी म्हणून द्यायला आला. खंडणी हा शब्द इथे, सत्तेच्या नेमका विरुद्ध बाजूला, सेवकाच्या तोंडी आहे. दारात येऊन दरडावणाऱ्यांच्या रांगेत हा माणूस नाही. तुमच्या घरात, तुमच्या बाजूने उभा राहिलेला आहे.

इब्री लोकांस पत्राचा दुसरा अध्याय हीच गोष्ट नात्याच्या भाषेत सांगतो. मुलं रक्तमांसाची होती, म्हणून तोही रक्तमांसाचा झाला, म्हणजे मरणाच्या भयाने जन्मभर दास्यात असलेल्यांना सोडवता यावं. आणि त्याच्या थोडं आधी: त्यांना बंधू म्हणायला त्याला लाज वाटत नाही. “तू हिचा कोण?” या प्रश्नाला ख्रिस्ताचं उत्तर हे आहे. मला विचाराल तर नाताळ आणि गुड फ्रायडे एकमेकांना इथे शिवलेले आहेत. तो आधी भाऊ झाला, मग सोडवायला गेला.

आता तिसरा प्रश्न. सुटलो असेन, तर मला अजून कर्जदार का वाटतं?

याला एक कारण आम्ही पाळक आहोत, हे मी जबाबदारीने लिहितो. पहिली दहा-बारा वर्षं मीही अशी प्रवचनं केली: येशूने तुझ्यासाठी एवढं केलं, तू त्याच्यासाठी काय करतोस? ऐकायला बरं वाटतं, पण माणूस घरी जातो तो हप्ता बांधून. प्रार्थना कमी झाली, हप्ता चुकला. मूल आजारी पडलं, म्हणजे व्याज लागलं. एका बाईंनी मला विचारलं होतं, “पास्टर, फेडून झालं की नाही हे कळतं कसं?” त्या दिवसानंतर मी ते वाक्य प्रवचनात वापरलं नाही. कृतज्ञता आणि परतफेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मामाला आईने मरेपर्यंत राखी बांधली आणि दिवाळीला ओवाळलं. पैसे परत देऊ केले तेव्हा तो जेवायचा थांबला होता.

कलस्सैकरांस २:१४ मध्ये पौल लिहितो की आपल्या विरुद्ध असलेला लेख देवाने खोडून टाकला आणि वधस्तंभाला खिळून रद्द केला. तिथला ग्रीक शब्द ‘खेइरोग्राफोन’, ‘हाताने लिहिलेलं’, म्हणजे कर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला रोखा. अक्कलकोट तालुक्यातले एक शेतकरी आमच्या मंडळीत होते. सोसायटीचं कर्ज त्यांनी कधीच फेडलं होतं, बेबाकी दाखला ट्रंकेत होता, पण सातबाऱ्यावरचा बोजा कोणी कमीच केला नव्हता. उतारा काढला की इतर हक्कांत तो बोजा दिसायचा आणि त्यांचा जीव खाली-वर व्हायचा. कर्ज नव्हतं, नोंद होती. मी त्यांच्याबरोबर तलाठी कार्यालयात गेलो, फेरफार झाला. आपल्यापैकी पुष्कळांची अवस्था अशी असते, दाखला ट्रंकेत आणि नजर उताऱ्यावर.

जाता जाता एक. वधस्तंभावरचे येशूचे ‘पूर्ण झाले आहे’ हे शब्द त्या काळी पावतीवर ‘पूर्ण भरणा’ म्हणून लिहीत, असं पुष्कळ प्रवचनांत सांगतात. मी ते सांगत नाही. त्याचा आधार कच्चा आहे, आणि योहान दोनच ओळी आधी ‘शास्त्रलेख पूर्ण व्हावा’ असं म्हणतो, तोच धागा तिथे पुरेसा भक्कम आहे.

दुसरं कारण अधिक खोल आहे. सोडवणूक झाली आहे आणि ती अजून पुरी व्हायची आहे, दोन्ही खरं. इफिसकरांस १:७ म्हणतं, ती आपल्याला मिळाली आहे. रोमकरांस ८:२३ म्हणतं, आपण अजून कण्हत आहोत, शरीराच्या मुक्तीची वाट पाहत आहोत. मधल्या काळासाठी पौलाने व्यवहारातला शब्द घेतला आणि आपल्या मराठी बायबलने त्याला नेमका शब्द दिला: विसार. जमिनीच्या व्यवहारात आपण इसार देतो, इसारपावती करतो. सौदा पक्का, ताबा पुढे. देवाने पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार म्हणून दिला आहे, असं इफिसकरांस १:१४ म्हणतं. तेव्हा आज छातीवर दडपण आहे म्हणून सौदा मोडला असं समजू नका.

सोलापूरच्या माणसाला हे सेटलमेंट नावाच्या वस्तीत चालत जाऊन समजतं. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. त्यांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी द्यावी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांच्यावरचा शिक्का कायद्याने पुसला. तेव्हापासून ‘विमुक्त’ हा शब्द आला आणि वस्तीच्या नावात ‘फ्री कॉलनी’ आलं. तिथल्या एका आजींकडे मी बरीच वर्षं जात असे. त्या म्हणायच्या, तार काढली त्या दिवशी आम्ही मोकळे झालो, पण हजेरीची वेळ झाली की माझे पाय आपोआप दाराशी जायचे, कितीतरी दिवस. बाहेरच्यांची संशयी नजर तर अजूनही हटलेली नाही. म्हणून ३१ ऑगस्ट खोटा ठरत नाही. त्या दिवसाने हजेरी घेणाऱ्याचा हक्क गेला. पायांना ते कळायला वेळ लागला.

आणि सुटलेला माणूस जातो कुठे, हेही लेवीयाच्या त्याच अध्यायात आहे. पन्नासाव्या वर्षी, योबेलात, देशभर मुक्तता जाहीर करा आणि प्रत्येकाने आपल्या वतनाकडे आणि आपल्या कुटुंबाकडे परत जावं. सोडवणूक संपते ती घरी पोहोचल्यावर. पुण्याच्या गाडीने जाताना केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी तिथे जे घर उभारलं त्याचं नाव त्यांनी ‘मुक्ती’ ठेवलं. हा शब्द आपण फार उंचावर नेऊन ठेवला आहे. रमाबाईंनी त्याला चूल आणि अंथरूण दिलं.

आता तुमच्या दारातल्या कर्जाबद्दल, कारण ते बाजूला ठेवून देवाधर्माचं बोलणं मला पटत नाही. मी वकील नाही, आणि इथे पुष्कळ काही कागदांवर अवलंबून आहे. साधारण नियम असा की वडिलांच्या कर्जाची जबाबदारी वारसावर येते ती त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आधी कागद शोधा. बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावता तर कधीच येत नाही. आणि परवाना नसलेला सावकार असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करता येते. एकटे जाऊ नका. मंडळीतला एखादा जाणता माणूस बरोबर घ्या, हे मंडळीचं कामच आहे. अनेसिम या पळून गेलेल्या दासाला धन्याकडे परत पाठवताना पौलाने फिलेमोनाला लिहिलं, त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. पौलाला सोडवणूक किती कळली होती ते मला रोमकरांस पत्राइतकंच या एका ओळीत दिसतं.

या आठवड्यात रूथ वाचा, मग लेवीय २५, मग मार्क १० चा शेवटचा अर्धा भाग. या क्रमाने वाचलंत तर तो शब्द पुन्हा समोर येईल तेव्हा तुम्हाला कदाचित वेगळा ऐकू येईल. नाही आला तरी मला लिहा.

आईचं राहिलं. पाटल्या सुटल्यावरही ती बाजाराला जाताना सावकाराच्या पेढीवरून जायची नाही. मधल्या मारुतीकडून सरळ रस्ता असून कोंतम चौकाकडून वळसा घालायची, उन्हातसुद्धा, हातात पिशव्या घेऊन. दोन वर्षं असंच चाललं. मामाला हे माझ्याकडून कळलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो आला, एक पिशवी तिच्याकडून घेतली, काही न बोलता तिच्या डाव्या बाजूला, पेढीच्या बाजूला, चालत राहिला आणि तिला त्या दारासमोरून घेऊन गेला. सावकाराने वर पाहिलं आणि पुन्हा वहीत मान घातली. आईच्या हातात पाटल्या होत्या.